कात्री खाली ठेवल्यावर आलेली लाट

कोरियन मालिका, चित्रपट आणि गाणी यांचा जगभर झालेला प्रसार, म्हणजेच ‘कोरियन लाट’, आता नुसत्या कुतूहलाचा विषय उरलेला नाही. धोरणे ठरवणाऱ्यांसाठी तो एक दाखला झाला आहे. सांस्कृतिक धोरणावर परिसंवाद भरला किंवा मराठी चित्रपटाच्या दुरवस्थेची चर्चा निघाली, की कुणी ना कुणी कोरियाचे नाव घेतेच. एवढासा पाच कोटींचा देश, पण तिथल्या सरकारने मनावर घेतले आणि जग जिंकून दाखवले, असे सांगितले जाते. त्यापाठोपाठ अनुदान वाढवा, महामंडळ काढा, चित्रनगरीला आणखी जमीन द्या, या मागण्या ओघानेच येतात. या मागण्यांत गैर काही नाही. परंतु कोरियाच्या इतिहासातून त्या निघतात हे मला मान्य नाही. कोरियन सरकारने कलांना पैसा दिला हे खरे आहे, मात्र पैसा देण्याआधी त्या देशाने कलावंताच्या मानेवरचा सरकारी हात काढायला लावला होता, आणि तो काढायला लावणारी माणसे रस्त्यावर उतरली होती, तुरुंगात गेली होती, न्यायालयात झगडली होती. हा क्रम नजरेआड केला तर कोरियाकडून शिकण्याजोगी मुख्य गोष्टच हातातून निसटते.

सरकारी पुढाकाराची कथा सांगणारे एक प्रसंग नेहमी सांगतात. १९९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष किम यंग-साम यांच्यापुढे त्यांच्या सल्लागारांनी एक हिशेब मांडला. ‘जुरासिक पार्क’ या एकट्या हॉलिवूडपटाची कमाई ह्युंदाईच्या १५ लाख मोटारी निर्यात करण्याइतकी आहे, असा तो हिशेब होता. निर्यातीवर जगणाऱ्या देशाला ही तुलना झोंबली आणि संस्कृती हा उद्योग आहे ही कल्पना सरकारदरबारी रुजली, इथपर्यंत कथा ठीक आहे. पण त्या १९९४ सालीसुद्धा कोरियात गाण्याचे शब्द आधी समितीला दाखवावे लागत होते आणि चित्रपटावर प्रदर्शनापूर्वी कात्री चालत होती. हिशेब सुचला म्हणून लाट आली असती, तर ती कात्रीसकट यायला हवी होती. तशी ती आली नाही.

त्या कात्रीचा इतिहास मोठा आहे. पार्क चुंग-ही यांच्या लष्करी राजवटीत पोलीस रस्त्यात तरुणांचे लांब केस कापत आणि मुलींच्या स्कर्टची लांबी पट्टीने मोजत. १९७५ मध्ये गाण्यांवर सरसकट बंदी आली आणि त्या काळच्या रॉक संगीताचा कणाच मोडला. चित्रपटाची संहिता आधी तपासली जाई आणि तयार झालेला चित्रपट पुन्हा तपासला जाई. याच राजवटीत देशी चित्रपटाला ‘उत्तेजन’ही भरपूर होते, हे आपल्याकडच्या चर्चेत कुणी सांगत नाही. चित्रपटगृहांवर देशी चित्रपटांच्या दिवसांचा कोटा होता. परदेशी चित्रपट आयात करण्याचा किफायतशीर परवाना हवा असेल तर निर्मात्याला देशी चित्रपट काढावेच लागत. परिणाम असा झाला, की परवान्यापुरते, कमीत कमी खर्चात उरकलेले चित्रपट ढिगाने निघाले आणि प्रेक्षक त्यांच्याकडे पाठ फिरवून हॉलिवूडकडे गेला. अनुदानापुरते काढलेले सिनेमे ज्यांनी महाराष्ट्रात पाहिले आहेत त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. कोटा होता, उत्तेजन होते, राष्ट्रीय संस्कृतीच्या गौरवाची भाषा होती, आणि तरीही त्या दोन दशकांत जगाने कोरियन चित्रपटाची फारशी दखल घेतली नाही.

बदल सुरू झाला तो १९८७ च्या जूनमधल्या जनआंदोलनाने. त्यातून नवे संविधान आले आणि त्याच्या २१ व्या कलमात भाषण व प्रकाशनावर सेन्सॉरशिप मान्य केली जाणार नाही, असे स्वच्छ लिहिले गेले. कागदावर आलेले हे वाक्य प्रत्यक्षात उतरायला आणखी नऊ वर्षे लागली. जुंग ते-चुन या लोकगायकाने समितीकडे न जाता आपले संग्रह बाजारात आणले, त्यासाठी खटला ओढवून घेतला आणि मग त्या कायद्यालाच आव्हान दिले. ग्वांगजू शहरात लष्कराने १९८० मध्ये केलेल्या हत्याकांडावर चित्रपट करून तो परवानगीविना दाखवणाऱ्या तरुणांच्या एका गटावर खटला झाला आणि तोही संविधान न्यायालयात पोहोचला. १९९५ मध्ये सो तैजी या त्या वेळच्या सर्वांत लोकप्रिय तरुण गायकाला एका गाण्याचे शब्द बदलायला सांगण्यात आले, तेव्हा त्याने शब्द बदलले नाहीत. सगळे शब्दच काढून टाकले आणि नुसते वाद्यसंगीत प्रसिद्ध केले. त्या गाण्यातली शांतता लाखो चाहत्यांनी ऐकली आणि समितीच्या कार्यालयापुरता असलेला विषय घराघरांत गेला. १९९६ च्या जूनमध्ये गाण्यांची पूर्वतपासणी रद्द झाली. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला संविधान न्यायालयाने चित्रपटांची पूर्वसेन्सॉरशिप घटनाबाह्य ठरवली. प्रमाणपत्र अडवून ठेवण्याची पळवाट उरली होती, तीही २००१ मध्ये बंद झाली.

आज ज्याला के-पॉप म्हणतात त्या गायकगटांची पहिली पिढी आणि कोरियन चित्रपटाचा नवा बहर, दोन्ही या १९९६ च्या आसपासचे आहेत. पहिला बुसान आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवही त्याच वर्षीच्या सप्टेंबरातला. हा निव्वळ योगायोग आहे असे मला वाटत नाही.

१९९८ मध्ये किम दे-जुंग राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा देश नाणेनिधीच्या कर्जाखाली वाकलेला होता. १९८० मध्ये लष्करी राजवटीने ज्यांना देहदंडाची शिक्षा सुनावली होती असा हा माणूस. सांस्कृतिक धोरणासाठी त्यांनी घालून दिलेले सूत्र सोपे होते: सरकार मदत करील, ढवळाढवळ करणार नाही. १९९९ मध्ये सांस्कृतिक उद्योगांच्या प्रोत्साहनाचा कायदा झाला, चित्रपटासाठी मंत्रालयापासून अंतर राखणारी परिषद स्थापन झाली, २००१ मध्ये आशयनिर्मितीला साहाय्य करणारी संस्था आली. याच काळात त्यांनी आणखी एक धाडस केले, त्याचा उल्लेख आपल्याकडे क्वचित होतो. जपानी चित्रपट आणि संगीतावर स्वातंत्र्यानंतर चालत आलेली बंदी त्यांनी ऑक्टोबर १९९८ पासून टप्प्याटप्प्याने उठवली. जपानी लोंढ्यात कोरियन संस्कृती वाहून जाईल, असे अनेकांनी पोटतिडकीने बजावले होते. पाच-सहा वर्षांत उलटेच घडले आणि कोरियन मालिकांनी जपानी दूरचित्रवाणीवर बस्तान बसवले. चित्रपटगृहातला कोटा मात्र सरकारने लगेच सोडला नाही. वर्षाला १४६ दिवसांचा तो कोटा अमेरिकेशी व्यापार कराराच्या वाटाघाटींसाठी २००६ मध्ये ७३ दिवसांवर आणला गेला, तेव्हा कलावंतांनी रस्त्यावर येऊन विरोध केला. म्हणजे संरक्षणाचाही या कथेत वाटा आहे आणि मी तो नाकारत नाही. पण जुना कोटा निष्प्रभ ठरला आणि नंतरचा उपयोगी पडला, कारण मधल्या काळात त्या दिवसांत दाखवायला पाहण्याजोगे चित्रपट तयार होऊ लागले होते.

इथे एक आक्षेप रास्त आहे. सेन्सॉरशिप अनेक देशांतून गेली, सगळीकडे अशी लाट आली नाही. खरेच आहे. कोरियात फार लवकर पसरलेले वेगवान इंटरनेट, बड्या उद्योगसमूहांनी चित्रपटात घातलेले भांडवल, घरची बाजारपेठ लहान असल्याने बाहेर पाहणे भाग पडलेल्या कंपन्या, १९८४ पासून चाललेली सरकारी चित्रपट प्रशिक्षण संस्था, आणि एकाच लेखकाच्या किंवा बहुधा लेखिकेच्या हातून सोळा भागांत संपणारी मालिका, या सगळ्यांचा त्यात हात आहे. आकड्यांकडे पाहिले तर चित्र आणखी वेगळे दिसते. २०२२ मध्ये कोरियाची सांस्कृतिक निर्यात सुमारे १३ अब्ज डॉलरची होती आणि तिचा सर्वांत मोठा हिस्सा गाण्यांचा नव्हता, चित्रपटांचाही नव्हता, तर व्हिडिओ गेमचा होता. लाटेचे कारण एकच आहे असे म्हणणे म्हणूनच भाबडेपणाचे होईल. परंतु इंटरनेट, भांडवल आणि प्रशिक्षण यांनी माल पोहोचतो. त्या मालात काय आहे ज्यासाठी ब्राझीलचा किंवा बीडचा प्रेक्षक रात्र जागवतो, याचे उत्तर या यादीत सापडत नाही.

उत्तर कथांमध्ये आहे. २०२१ मध्ये जगभर पाहिल्या गेलेल्या ‘स्क्विड गेम’चा नायक हा संपात नोकरी गमावलेला मोटार कामगार आहे. त्याची पार्श्वभूमी सांगयोंग मोटारच्या २००९ मधल्या संपावर बेतलेली आहे. प्योंगतेकच्या कारखान्यात कामगार ७७ दिवस ठाण मांडून बसले होते आणि पोलिसांनी बळाने तो संप मोडला. २०२० मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळवणाऱ्या ‘पॅरासाइट’मधले कुटुंब सोलच्या अर्ध्या जमिनीखालच्या खोलीत राहते, जिची खिडकी रस्त्याच्या पातळीवर उघडते आणि पावसात जिच्यात गटाराचे पाणी शिरते. कर्जबाजारी माणसे, भ्रष्ट सरकारी वकील, मुजोर उद्योगपतींची मुले, शाळेतला छळ, परीक्षांनी पिचलेले विद्यार्थी: कोरियाने जगाला दाखवलेला कोरिया हा असा आहे. देशाची प्रतिमा उजळण्यासाठी नेमलेल्या कोणत्या सरकारी समितीने यातली एक तरी संहिता मंजूर केली असती? मंत्रालयाला आवडणारा चित्रपट हा किल्ले, सणवार, पैठणी आणि पर्यटनस्थळे यांचा असतो. असे चित्रपट जरूर निघावेत, पण जग त्यांची वाट पाहत नाही. आपल्या समाजाचे दुखणे निर्भयपणे सांगणारी कथा मात्र दुसऱ्या टोकाच्या माणसाला आपली वाटते, कारण कर्ज, भाडे आणि अपमान हे त्याच्याही वाट्याला आलेले असतात.

सरकारचा हात परत आला तेव्हा काय झाले, याचाही पुरावा कोरियानेच दिला आहे. १६ एप्रिल २०१४ रोजी सेवोल ही प्रवासी नौका बुडून ३०४ जण मृत्युमुखी पडले. त्यांत बहुसंख्य शाळकरी मुले होती. त्या दुर्घटनेवरचा माहितीपट बुसान महोत्सवाने शहराच्या महापौरांचा विरोध डावलून दाखवला. पुढच्या वर्षी महोत्सवाचे सरकारी साहाय्य जवळपास निम्म्यावर आले आणि त्यानंतर २०१६ मध्ये संचालकांना जावे लागले. राष्ट्राध्यक्ष पार्क गुन-हे यांच्या कारकिर्दीत सुमारे साडेनऊ हजार कलावंतांची आणि लेखकांची काळी यादी तयार झाली होती, हे २०१६ मध्ये उघडकीस आले. यादीतल्यांना अनुदान द्यायचे नाही, सरकारी कार्यक्रमांत बोलवायचे नाही, असा तो बेत होता. म्हणजे पैसा वाटण्यासाठी उभारलेली यंत्रणाच पैसा नाकारण्याचे हत्यार बनली. अनुदानाने कलावंत मिंधा होण्याची भीती किती खरी असते हे यापेक्षा स्पष्ट कुठे दिसेल? त्या यादीत दिग्दर्शक बोंग जून-हो होते, अभिनेते सोंग कांग-हो होते आणि लेखिका हान कांग होत्या. पुढे ‘पॅरासाइट’ने पहिल्या दोघांना ऑस्करच्या मंचावर नेले आणि २०२४ मध्ये हान कांग यांना साहित्याचे नोबेल मिळाले. ज्यांनी देशाचे नाव सर्वांत उंच नेले, तेच सरकारला देशाचे नाव बदनाम करणारे वाटत होते. पार्क यांना २०१७ मध्ये पदच्युत केले गेले आणि काळ्या यादीबद्दल त्यांच्या प्रमुख सहायकाला आणि माजी सांस्कृतिक मंत्र्यांना शिक्षा झाली.

३ डिसेंबर २०२४ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष युन सक-यॉल यांनी लष्करी कायदा पुकारला. त्याच्या पहिल्याच फर्मानात सर्व वृत्तमाध्यमे आणि प्रकाशने लष्कराच्या नियंत्रणाखाली आणल्याचे कलम होते. काही तासांत संसदेने तो १९० विरुद्ध शून्य मतांनी फेटाळला. त्यानंतरचे कित्येक दिवस संसदेबाहेर कडाक्याच्या थंडीत जमलेल्या गर्दीत तरुण मुली मोठ्या संख्येने होत्या आणि त्यांच्या हातात आपापल्या लाडक्या गायकगटांचे रंगीत प्रकाशदंड होते, एरवी संगीतमैफलीत उंचावले जाणारे. त्या गर्ल्स जनरेशन या गटाचे २००७ सालचे पदार्पणाचे गाणे गात होत्या. २०१६ मध्ये इहवा महिला विद्यापीठात पोलिसांनी वेढलेल्या विद्यार्थिनींनी हेच गाणे हातात हात गुंफून म्हटले होते, तेव्हापासून ते आंदोलनाचे गाणे झाले आहे. के-पॉप ही कारखान्यातून काढलेली, विचारशून्य गोष्ट आहे असे म्हणणाऱ्यांनी त्या रात्रींची चित्रफीत पाहावी.

कारखान्याचा आरोप मात्र मी उडवून लावणार नाही, कारण त्यात वेदनादायक तथ्य आहे. सरकारची कात्री गेली आणि तिच्या जागी कंपनीचा करार आला. अकरा-बारा वर्षांची मुले प्रशिक्षणार्थी म्हणून निवडली जातात, शाळा सांभाळून रात्री उशिरापर्यंत नाचगाण्याचा सराव करतात, कंपनीच्या वसतिगृहात राहतात, आणि वर्षानुवर्षांच्या सरावानंतरही त्यांतली बहुतेक रंगमंचावर येतच नाहीत. जी येतात त्यांच्या कमाईतून आधी प्रशिक्षणाचा आणि निर्मितीचा खर्च वळता होतो. २००९ मध्ये एका अत्यंत लोकप्रिय गटातले तिघे आपल्या कंपनीविरुद्ध न्यायालयात गेले तेव्हा त्यांचा करार तेरा वर्षांचा होता हे जगाला कळले. त्याच वर्षी कोरियाच्या व्यापार आयोगाने सात वर्षांची मर्यादा घालणारा नमुना करार आणला. २०१४ च्या कायद्याने पंधरा वर्षांखालील कलाकारांना आठवड्याला ३५ तासांची आणि त्यावरच्या अल्पवयीनांना ४० तासांची मर्यादा घातली आणि रात्री दहा ते सकाळी सहा काम करण्यास मनाई केली. तरीही २०१७ ते २०१९ या काळात विशीतल्या तीन गाजलेल्या गायक-गायिकांनी जीवन संपवले, त्यांपैकी दोघींनी अवघ्या सहा आठवड्यांच्या अंतराने. दोघींच्या मागे समाजमाध्यमांवर द्वेषाचा मारा होता. जगाला मोहवणारा तो निर्दोष, एका तालातला नाच कुणाच्या वयातून आणि झोपेतून उभा राहतो, हे विचारल्याशिवाय कोरियाचे कौतुक करणे मला जमत नाही.

फायदा कुठे जातो हेही विचारायला हवे. ‘स्क्विड गेम’चे हक्क नेटफ्लिक्सकडे आहेत. २०२५ मध्ये गाजलेला, के-पॉप गायिकांवरचा अ‍ॅनिमेशनपट सोनीच्या अमेरिकन स्टुडिओने बनवला आणि नेटफ्लिक्सने दाखवला. नाव कोरियाचे आणि मालकी दुसऱ्याची, अशी स्थिती हळूहळू येते आहे.

आता महाराष्ट्राचा प्रश्न. कोरियाचा दाखला देणाऱ्यांनी एका गोष्टीचे उत्तर द्यावे. कोरियाच्या न्यायालयाने चित्रपटांची पूर्वसेन्सॉरशिप १९९६ मध्ये मोडीत काढली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ख्वाजा अहमद अब्बास यांच्या खटल्यात १९७० मध्ये ती वैध ठरवली आणि ती आजही चालू आहे. चित्रपटाचे प्रमाणपत्र हा दिल्लीचा विषय झाला. पण नाटकाचे काय? महाराष्ट्रात नाटकाचा जाहीर प्रयोग करण्यापूर्वी त्याची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे नेऊन प्रमाणपत्र घ्यावे लागते. विजय तेंडुलकरांच्या नाटकांवरून या मंडळाशी झालेले संघर्ष मराठी वाचकाला माहीत आहेत. २०१६ मध्ये अमोल पालेकरांनी या पूर्वतपासणीलाच मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. ज्या भाषेची रंगभूमी हा तिचा सर्वांत मोठा आधुनिक कलाठेवा आहे, त्या भाषेतल्या नाटककाराने प्रत्येक नवी संहिता आधी मंडळापुढे ठेवावी, आणि त्याच राज्याने सांस्कृतिक महासत्तेची स्वप्ने पाहावीत, ही विसंगती मला असह्य वाटते. मंडळ बहुतेक नाटके अडवत नाही, असे समर्थन केले जाते. अडवत नसेल तर त्याची गरज काय, आणि अडवण्याची शक्यता मनात धरून लेखकाने आधीच खोडलेल्या ओळींचा हिशेब कोण ठेवणार?

दुसरा प्रश्न याहून निकडीचा आहे. बीटीएस या गटाची कंपनी हाईब हिने २०२५ मध्ये मुंबईत आपली उपकंपनी काढली. कोरियन पद्धतीने गायकगट घडवण्याचा उद्योग आता आपल्या दाराशी आला आहे. आपल्याकडच्या २०१७ च्या नियमांनुसार बालकलाकाराला दिवसाला पाच तासांहून अधिक काम देता येत नाही आणि त्याच्या कमाईतला किमान २० टक्के भाग त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवावा लागतो. पण हे संरक्षण चौदा वर्षांखालील मुलांसाठी आहे. सरावासाठी निवडली जाणारी बरीच मुले चौदा ते अठरा वयातली असतात. त्यांच्या सरावाचे तास, वसतिगृहातले राहणे, खर्चाची वसुली आणि कराराची मुदत यांवर कोरियाने ठेच खाऊन जे नियम केले, तसे नियम पहिला करार होण्याआधी आपल्याकडे असायला हवेत.

यातला पहिला बदल तर राज्य सरकारच्या हातातला आहे. नाट्यप्रयोगांची पूर्वतपासणी १९५१ च्या पोलीस कायद्याखाली केलेल्या नियमांतून येते. हा कायदा महाराष्ट्राचा आहे आणि त्याखालचे १९६० चे नियम नाटकाबरोबर मेळे आणि तमाशे यांनाही लागू होतात. ते मागे घ्यायला संसदेची परवानगी लागत नाही आणि एक रुपयाचीही तरतूद लागत नाही. मराठी रंगभूमीसाठी पुढचे अनुदान जाहीर करताना मंत्र्यांनी त्याच पत्रकार परिषदेत हे नियम रद्द करण्याची तारीखही जाहीर करावी.